३१,६०० की ३४,७०० : एका जोडप्याच्या स्टँडर्ड डिडक्शनची पडताळणी

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी जोडपं. काकांची जन्मतारीख १ जून १९५७, काकूंची १ जानेवारी १९६१. दोघंही अमेरिकन नागरिक, दोघांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, विवरणपत्र एकत्र भरतात. यंदा फेब्रुवारीत त्यांच्या मुलाने विकतच्या टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये २०२५ सालचं विवरणपत्र भरायला घेतलं. सगळं भरून झाल्यावर स्टँडर्ड डिडक्शनच्या ओळीत ३४,७०० डॉलर आले. त्याच्या स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये होते ३१,६००. फरक ३,१०० डॉलरचा, आणि तोही आईवडिलांच्या फायद्याचा. एवढ्यावर बहुतेक लोक गप्प बसतील. पण चिरंजीवांचं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर भरतं. त्याने मला फोन लावला तोच मुळी "दादा, बग सापडलाय" म्हणत.

मी इथे दर हंगामात ज्येष्ठांना विवरणपत्र भरायला मदत करतो, त्यामुळे असले फोन मला सवयीचे आहेत. एरवी त्यांचं कारण साधं असतं: कुठेतरी एक खूण करायची राहिलेली असते. इथे मात्र सॉफ्टवेअर बरोबर होतं, शीट चुकली होती, आणि ती एका ठिकाणी नाही तर दोन ठिकाणी चुकली होती. दोन्ही चुकांची बेरीज अशी काही जमून आली की तिसरंच कारण खरं वाटावं. घरच्यांना विचारून हे लिहितोय. उत्पन्नाचे आकडे गोल केले आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत करपात्र उत्पन्न काढताना एकतर घराच्या कर्जाचं व्याज, देणग्या, राज्याचे कर वगैरे एकेक खर्च मांडून वजा करायचे, नाहीतर सरकारने ठरवून दिलेली एकरकमी वजावट घ्यायची. ती स्टँडर्ड डिडक्शन. भारतातल्या त्याच नावाच्या वजावटीशी हिचा घोळ करू नये. तिकडची फक्त पगारदार आणि पेन्शनरांना मिळते, इकडची उत्पन्न कुठलंही असलं तरी चालते. घराचं कर्ज फिटलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हीच जवळजवळ नेहमी फायद्याची ठरते. वय ६५ झालं की तिच्यात आणखी थोडी भर पडते. विवाहित असाल तर प्रत्येकी एक रक्कम, एकटे असाल तर जरा मोठी. २०२५ साठी विवाहितांना ही भर १,६०० डॉलर, एकट्याला २,०००.

ह्या घरचं २०२५ चं उत्पन्न असं: काकांचं सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ३०,०००, आयआरए ह्या निवृत्तीच्या बचत खात्यातून काढलेले ४८,०००, काकू एका शाळेच्या कॅफेटेरियात अर्धवेळ काम करतात त्याचे १६,०००, आणि व्याज ६,२००. व्याजात पुण्याच्या बँकेतल्या मुदत ठेवीही धरल्या आहेत. (तिकडे टीडीएस कापला म्हणजे इकडे दाखवायला नको, ही समजूत अजून घट्ट आहे. दाखवावं लागतं. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मागता येतं, ती गोष्ट निराळी.) सोशल सिक्युरिटीपैकी ८५ टक्के, म्हणजे २५,५०० करपात्र ठरले. एकूण ९५,७००.

आता चिरंजीवांचा सिद्धांत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या विवरणपत्रात, विवाहित ज्येष्ठाची भर १,५५० होती. दोनदा १,५५० म्हणजे बरोब्बर ३,१००. "म्हणजे बघा, ह्यांनी यंदाच्या आकड्यावर मागच्या वर्षीची ज्येष्ठांची रक्कम परत चढवलीये. जुनी फाइल आत घेतली ना मी, तिथेच गडबड झालीय." ऐकायला इतकं चोख होतं की क्षणभर मलाही पटलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये मागच्या वर्षीची फाइल ओढून घेताना जुनी माहिती चिकटून येते, हे खरंही आहे.

पण फरक जुळला म्हणून कारण जुळत नाही. अशा वेळी मी एकच गोष्ट करायला सांगतो. दोन्हीकडच्या आकड्यांचे तुकडे पाडा, आणि तुकड्याला तुकडा लावून बघा.

सॉफ्टवेअरचे ३४,७०० फोडणं सोपं. विवाहित जोडप्याची मूळ रक्कम ३१,५००, अधिक १,६००, अधिक १,६००. तिथे मागच्या वर्षीचं काहीच नव्हतं. मग शीट उघडायला लावली. ३१,६०० म्हणजे ३०,००० अधिक १,६००. इथेच सगळं उलगडलं. मला खटकलेली गोष्ट अशी की ३१,६०० हा आकडा ३१,५०० च्या इतका जवळचा आहे की घाईत बघणाऱ्याला मूळ रक्कम बरोबर आहे असंच वाटावं, वर शंभर कुठून आले एवढाच काय तो प्रश्न. प्रत्यक्षात मूळ रक्कमही चुकलेली आणि भरही अर्धीच.

पहिली चूक जुन्या आकड्याची. शीट त्याने जानेवारी २०२५ मध्ये केली होती, वडिलांनी आयआरएमधून वर्षभरात किती काढावेत ह्याचा अंदाज बांधायला. त्या वेळी ३०,००० हाच आकडा खरा होता. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला होता. पुढे ४ जुलै २०२५ रोजी नव्या कर कायद्यावर सही झाली आणि त्यात ही रक्कम वाढवून ३१,५०० केली, तीही २०२५ च्या सुरुवातीपासून लागू. एकट्यासाठी १५,००० चे १५,७५० झाले. वर्षाच्या मध्यावर त्याच वर्षाची मूळ रक्कम बदलणं हे नेहमीचं नाही. त्यामुळे २०२५ च्या पहिल्या सहामाहीत केलेली कुठलीही शीट, छापलेला कुठलाही तक्ता, कुठल्या साइटवरचा जुना लेख ह्या बाबतीत कालबाह्य आहे. १,५०० डॉलर इथे गेले.

उरले १,६००, म्हणजे एक माणूस. शीटने काकूंना ज्येष्ठ धरलंच नव्हतं, सॉफ्टवेअरने धरलं होतं. चिरंजीव लगेच म्हणाला, "मग बग तिथे आहे. आई ३१ डिसेंबरला चौसष्टचीच होती. पासष्टावा वाढदिवस आम्ही १ जानेवारी २०२६ ला केला, तुम्ही होतात की जेवायला!"

होतो. पुरणपोळीही चांगली झाली होती. पण आयआरएसच्या हिशेबात काकू त्याच्या आदल्या दिवशीच, ३१ डिसेंबर २०२५ लाच, ६५ वर्षांच्या झाल्या. नियम असा की माणूस आपल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वय पूर्ण करतो. जन्माचा दिवस हा आयुष्याचा पहिला दिवस धरला, तर ६५ वर्षं पूर्ण होतात ती वाढदिवसाच्या आदल्या दिवसाच्या शेवटी. १०४० फॉर्मवर (केंद्र सरकारच्या विवरणपत्रावर) म्हणूनच "वय ६५ आहे का" असा प्रश्न नसतो. "जन्म २ जानेवारी १९६१ च्या आधीचा" अशी चौकट असते. २ जानेवारी ही तारीख बघून लोकांना छापण्याची चूक वाटते. ती नेमकी काकूंसारख्यांसाठी घातलेली आहे. यंदाच्या फॉर्मवर ही चौकट १२-डी ओळीत आहे आणि तिच्यावरून निघालेली रक्कम १२-ई मध्ये येते.

शीटमध्ये काय होतं? वय काढायला डेटडिफ हे सूत्र, जन्मतारखेपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण झालेली वर्षं. काकूंच्या ओळीत उत्तर ६४. त्याखाली अट: वय ६५ किंवा जास्त असेल तर १,६००, नाहीतर शून्य. सूत्र बरोबर, गणित बरोबर, आणि प्रश्नच चुकीचा. वय विचारायचंच नव्हतं, तारीख विचारायची होती. टेस्टिंगवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. "बाउंड्री कंडिशन," एवढंच तो पुटपुटला आणि पुढे काही मिनिटं नुसता कीबोर्डचा आवाज.

त्याने केलं ते मी आता इतरांनाही करायला सांगतो. विवरणपत्राच्या फाइलची एक प्रत काढली, मूळ फाइलला हात लावला नाही. प्रतीत काकूंची जन्मतारीख ३१ डिसेंबर १९६० केली: ३४,७००. १ जानेवारी १९६१: ३४,७००. २ जानेवारी १९६१: ३३,१००. रेघ नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअरने स्वतःच दाखवलं. मग प्रत पुसून टाकली. अशा चाचणीच्या फाइली लॅपटॉपवर राहिल्या की एप्रिलच्या गडबडीत भलतीच फाइल आयआरएसला जाते.

तरी काकांचं समाधान होईना. मुलाने यंत्राला विचारलं, यंत्राने उत्तर दिलं, त्यात पुरावा कुठला? त्यांना कागद हवा होता. तो काकूंच्या पर्समध्येच निघाला. मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, लाल-पांढरं-निळं कार्ड. त्यावर हॉस्पिटल आणि मेडिकल ह्या दोन्हींच्या पुढे सुरुवातीची तारीख छापलेली: १२-०१-२०२५, म्हणजे १ डिसेंबर २०२५. मेडिकेअर ६५ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतं, आणि सोशल सिक्युरिटीवालेही वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण धरतात. काकू ३१ डिसेंबरला ६५ झाल्या, म्हणून मेडिकेअर डिसेंबरपासून. "मला वाटलं होतं त्यांनी चूक केली," काकू म्हणाल्या. "डिसेंबरचे १८५ डॉलर उगाच घेतले म्हणून हे महिनाभर कुरकुरत होते." ते १८५ म्हणजे २०२५ चा पार्ट बी चा, म्हणजे कार्डावरच्या मेडिकल भागाचा, मासिक हप्ता. तेव्हा जो नियम अंगावर आला होता, तोच आता कामी आला. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेल्या आणि ६५ ला मेडिकेअर सुरू झालेल्या कुणाच्याही कार्डावर हा एक महिन्याचा फरक दिसतो.

काकूंची तारीख १ जानेवारी का, हाही किस्सा आपल्या लोकांना नवा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जानेवारी ठोकून दिलेली एक अख्खी पिढी आहे. काका १ जूनवाले, काकू १ जानेवारीवाल्या. पुढे एसएससीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, नागरिकत्वाचा दाखला, सोशल सिक्युरिटी, सगळीकडे तीच तारीख गेली. १ जूनवाल्यांना करात त्याने काही फरक पडत नाही. १ जानेवारीवाल्यांना पडतो, आणि आयुष्यात एकाच वर्षी.

त्या एका वर्षाची किंमत किती? काकूंच्या चौकटीवरची खूण काढली असती तर फक्त १,६०० गेले नसते. यंदा ज्येष्ठांसाठी आणखी एक वजावट आली आहे, माणशी ६,००० डॉलर, आणि तिच्यासाठीही वयाची हीच रेघ. म्हणजे ७,६०० गेले असते. त्यांचं करपात्र उत्पन्न १२ टक्क्यांच्या टप्प्यात येतं, तेव्हा जादा कर ९१२ डॉलर. हे पैसे चिरंजीव सचोटीच्या भरात, बग दुरुस्त केल्याच्या समाधानात, सरकारजमा करणार होता. सॉफ्टवेअरमध्ये आकडा हाताने बदलायची सोय असते. ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा चुकीचा वाटला तर तो ज्या माहितीतून आला ती शोधावी. आकडाच बदलला तर माहिती आत तशीच राहते, आणि इतर ओळी त्याच माहितीवर चालत राहतात.

ह्या ६,००० वर थोडं थांबायला हवं, कारण खरा गोंधळ तिथे आहे. काकांना व्हॉट्सॲपवर आलं होतं की आता ज्येष्ठ जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ४६,७०० झालं. त्यामुळे ३४,७०० बघून त्यांना वाटलं १२,००० गायब झाले. गायब झाले नव्हते, वेगळ्या कागदावर होते. ही नवी वजावट स्टँडर्ड डिडक्शनचा भाग नाही. ती शेड्यूल १-ए ह्या नव्या पुरवणीत निघते आणि १०४० वर १३-बी ओळीत येते. १४ व्या ओळीत दोन्हींची बेरीज, तिथे ४६,७०० दिसतात. एकेक खर्च मांडून वजावट घेणाऱ्यालाही ही ६,००० मिळते, स्टँडर्ड डिडक्शनवाली १,६०० मात्र मिळत नाही. ही २०२५ ते २०२८ ह्या चारच वर्षांसाठी आहे. विवाहितांना एकत्र विवरणपत्र भरलं तरच, आणि नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल तरच. आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी क्रमांक न मिळणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या कर क्रमांकावर) भरणाऱ्या आईवडिलांना ती नाही, पण १,६०० ची भर आयटीआयएनवरही मिळू शकते. दोन्ही "ज्येष्ठांच्याच" वजावटी, आणि अटी अशा वेगळ्या.

शिवाय उत्पन्न वाढलं की ही नवी वजावट झिजते. जोडप्याचं उत्पन्न १,५०,००० च्या वर गेलं की वरच्या प्रत्येक डॉलरमागे ६ सेंट, प्रत्येकाच्या ६,००० मधून. १,८०,००० उत्पन्न असेल तर प्रत्येकाचे १,८०० जाऊन ४,२०० उरतात, दोघांचे ८,४००. २,५०,००० ला शून्य. एकट्यासाठी झीज ७५,००० पासून सुरू होते. एडिसनमध्ये असे पुष्कळ काका आहेत ज्यांची आयआरए मोठी आहे आणि एखाद्या वर्षी घराच्या छपरासाठी किंवा नातीच्या लग्नासाठी ते एकदम मोठी रक्कम काढतात. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १२,००० ऐवजी काहीतरी तिरपागडा आकडा आला तर तो ह्या झिजेमुळे असतो.

आणि सोशल सिक्युरिटीवरचा कर रद्द झाला, हे जे सगळीकडे फिरतं, ते तसं नाही. काकांचे २५,५०० यंदाही करपात्र उत्पन्नात धरले गेलेच. ६,००० ची वजावट त्या ओळीच्या खाली येते, वर नाही. त्यामुळे सोशल सिक्युरिटीचा किती भाग करपात्र ठरतो किंवा पुढे मेडिकेअरचा हप्ता किती वाढतो, ह्यावर तिचा परिणाम होत नाही. कर मात्र कमी होतो, आणि पुष्कळांचा शून्यही होतो. गैरसमज बहुधा त्यातूनच आला असावा.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी अपेक्षित आकडा कागदावर काढून ठेवला तर चूक शोधणं फारच सोपं होतं, कारण प्रत्येक चुकीचा आकडा आपली सही ठेवून जातो. ह्या जोडप्याच्या वयाच्या कुणाचंही २०२५ चं उत्तर ३४,७०० यायला हवं. ३३,१०० आले तर एकाची जन्मतारीख चुकली. ३१,५०० आले तर दोघांच्याही तारखा पोचलेल्या नाहीत. ३३,२०० म्हणजे जुलैच्या कायद्याआधीची मूळ रक्कम वापरली गेली, सॉफ्टवेअर अद्ययावत नाही. ३४,६०० म्हणजे मूळ रक्कम नवी पण ज्येष्ठांची भर २०२४ ची. फरक फक्त शंभराचा, म्हणून हा सहज निसटतो. ३६,३०० आले तर कुणाच्या तरी नावापुढे अंधत्वाच्या चौकटीत खूण पडली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून भाबडेपणाने ती खूण करणारे मी पाहिले आहेत. तिथे अट चष्म्यासकट चांगल्या डोळ्याची दृष्टी २०/२०० पेक्षा जास्त नसण्याची किंवा दृष्टिक्षेत्र २० अंशांपेक्षा जास्त नसण्याची आहे. १७,३५० आले तर नवराबायकोचं विवरणपत्र वेगवेगळं भरलं जातंय.

आणि आकडा एकदम कोसळून, ह्या घरच्या उत्पन्नाला येईल तसा, १९,६५० वर आला, तर "दुसरं कुणी तुम्हाला अवलंबित म्हणून दाखवू शकतं का" ह्या प्रश्नाला हो म्हटलं गेलं आहे. तेव्हा मूळ रक्कम कमावलेल्या उत्पन्नात ४५० मिळवून निघते, निदान १,३५०, आणि मग वयाची भर: १६,००० अधिक ४५० अधिक ३,२००. मराठी घरांत ही खूण फार होते. आईवडील मुलाकडे राहतात, मुलगा खर्च करतो, मग "आम्ही मुलावरच अवलंबून" हे उत्तर अगदी मनापासून दिलं जातं. पण त्या प्रश्नाचा अर्थ कायद्याचा आहे. २०२५ मध्ये ज्या पालकाचं ढोबळ करपात्र उत्पन्न ५,२०० किंवा त्याहून जास्त आहे, त्याला मुलगा अवलंबित दाखवूच शकत नाही. वर्षाच्या मध्येच ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांचं प्रकरण आणखी निराळं. त्या वर्षी ते अर्धे अनिवासी, अर्धे निवासी ठरतात आणि विशेष निवड केल्याखेरीज त्यांना स्टँडर्ड डिडक्शनच मिळत नाही. तिथे सॉफ्टवेअरवर विसंबू नये, माणसाला दाखवावं.

हे सगळं मिटलं असं वाटत असतानाच चिरंजीवांचा दुसरा फोन. आता न्यू जर्सीचं विवरणपत्र. "दादा, फेडरलमध्ये आई पासष्टची, स्टेटमध्ये चौसष्टची. एकाच सॉफ्टवेअरमध्ये!"

ह्यातही बग नव्हता. न्यू जर्सीत स्टँडर्ड डिडक्शन हा प्रकारच नाही. माणशी १,००० डॉलरची सूट असते, ६५ वर्षांवरच्याला आणखी १,०००. एनजे-१०४० च्या ७ व्या ओळीत त्यासाठीची चौकट आहे आणि तिच्यापुढे २०२५ साठी अट सरळ सालाची आहे: जन्म १९६० किंवा त्याआधीचा. १ जानेवारी १९६१ त्यात बसत नाही. आदल्या दिवसाचा फेडरल नियम ट्रेंटनच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या, ह्या चौकटीला लागू नाही. त्यामुळे काकू एकाच दिवशी वॉशिंग्टनसाठी ज्येष्ठ आणि ट्रेंटनसाठी नाहीत, आणि सॉफ्टवेअरने दोन्हीकडे अचूक तेच धरलं होतं. राज्याच्या १.४ टक्के दराने ह्याची किंमत १४ डॉलर. त्यावर काका-काकूंनी फार वेळ घालवला नाही, चिरंजीवाने मात्र घालवला.

पुण्याहून काकांचे धाकटे बंधू व्हिडिओ कॉलवर हे ऐकत होते, त्यांना ही अमेरिकेची तऱ्हा वाटली. पण हाच नियम भारतातही आहे. तिकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून तिथली नाजूक तारीख १ एप्रिल. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ जुलै २०१६ च्या परिपत्रक क्रमांक २८/२०१६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे: १ एप्रिलला जन्मलेली व्यक्ती ६० किंवा ८० हे वय आदल्या दिवशी, ३१ मार्चला पूर्ण करते, आणि ज्येष्ठ किंवा अतिज्येष्ठ नागरिकाची सवलत तिला संपलेल्या वर्षापासूनच मिळते. जुन्या कर प्रणालीत राहिलेल्यांना ६० नंतर करमुक्त मर्यादा अडीचवरून ३ लाख आणि ८० नंतर ५ लाख होते, तेव्हा १ एप्रिलवाल्यांनी ते एक वर्ष तपासून घ्यावं. बंधूंचा जन्म १ जूनचा. त्यांना ह्याचा काही उपयोग नाही, तरी परिपत्रकाचा क्रमांक त्यांनी लिहून घेतला.

फेडरल विवरणपत्र शेवटी १०४०-एसआर ह्या ज्येष्ठांसाठीच्या फॉर्मवर छापलं, काकांना मोठी अक्षरं हवी होती. त्या फॉर्मसोबत स्टँडर्ड डिडक्शनचा छोटा तक्ताही येतो: चौकटी किती भरल्या आणि रक्कम किती. विवाहित, दोन चौकटी, ३४,७००. खरं तर पहिल्याच फोनला एवढंच बघितलं असतं तरी भागलं असतं.

शीटमध्ये आता वयाचा रकाना उरलेला नाही. जन्मतारीख त्या त्या वर्षाच्या फॉर्मवर छापलेल्या २ जानेवारीच्या आधीची आहे का, एवढीच अट आहे, आणि मूळ रकमेपुढे ती कुठल्या तारखेला तपासली त्याचा एक रकाना. २०२६ साठी त्यात ३२,२०० अधिक दोनदा १,६५०, म्हणजे ३५,५०० आधीच भरले आहेत, शेजारी शेड्यूल १-ए चे १२,०००. न्यू जर्सीच्या चौकटीतही त्या वर्षी काकू बसतील. ६,००० चा रकाना २०२९ पासून शून्य धरला आहे. कायदा बदलला तर तेवढा बदलायचा.